जीव घाबरा होतो तेव्हा

रात्रीचे अकरा-साडेअकरा. जेवणं झालेली, टीव्ही बंद, मुलं झोपलेली. पस्तिशीतला एक माणूस अंथरुणावर पाठ टेकतो आणि एकाएकी त्याच्या छातीत धडधडायला लागतं. भांडण झालेलं नसतं, वाईट बातमी आलेली नसते, जेवणही जड झालेलं नसतं. तो उठून बसतो. धडधड वाढते. श्वास पुरेनासा होतो, म्हणून तो तोंडाने भराभर श्वास घेऊ लागतो. बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, बनियन घामाने चिंब आणि हातपाय मात्र गार. खोली तीच, पंखा तोच, शेजारी बायको तीच. तरी सगळं परकं, खोटं वाटू लागतं. मग डोक्यात एकच विचार उरतो: आता काही खरं नाही, आपण मरतोय.

घरातले धावतात. कोणी पाणी आणतं, कोणी तळपाय चोळतं, कोणी आजोबांची सॉर्बिट्रेटची गोळी शोधतं. शेजाऱ्याची गाडी काढून त्याला रुग्णालयात नेतात. तिथे ईसीजी निघतो, रक्त तपासतात, बीपी बघतात. डॉक्टर सांगतात, "सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका, घरी जा." तोवर धडधडही शमलेली असते. नातेवाईक हुश्श करतात. तो माणूस मात्र गोंधळलेला आणि थोडा शरमलेलाही घरी येतो. रिपोर्ट नॉर्मल आहेत, तर मग झालं ते काय होतं? आणि पुन्हा झालं तर?

हे प्रकरण या दोन प्रश्नांचं आहे. पहिल्याचं उत्तर विज्ञानाने बऱ्यापैकी दिलेलं आहे. माणसाचं आयुष्य पोखरतो तो दुसरा प्रश्न.

अटॅक कशाला म्हणायचं?

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आजारांच्या निदानासाठी जी नियमावली केली आहे, तिच्या 2013 सालच्या पाचव्या आवृत्तीत पॅनिक अटॅकची 13 लक्षणं दिली आहेत. छातीत धडधड, घाम, थरथर, श्वास कोंडणं, घशात काही अडकल्यासारखं होणं, छातीत दुखणं, मळमळ, चक्कर, अंगात थंडी किंवा वाफा, मुंग्या, आजूबाजूचं किंवा स्वतःचं अस्तित्व खोटं वाटणं, आपला ताबा सुटेल किंवा वेड लागेल असं वाटणं आणि आत्ता मरणार अशी भीती. यांपैकी किमान चार लक्षणं एकदम उसळली आणि काही मिनिटांत टिपेला पोहोचली, तर तो पॅनिक अटॅक. जोर साधारण दहा मिनिटांत कळसाला जातो आणि बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. त्यानंतर उरतो तो प्रचंड थकवा.

असे अटॅक दुर्मीळ नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने 25 देशांत झालेल्या पाहण्यांमध्ये सुमारे 13 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी असा अटॅक येऊन गेल्याचं दिसलं. परीक्षेच्या आदल्या रात्री, अपघातानंतर, जवळचं माणूस गेल्यावर तो येतो आणि पुष्कळांच्या बाबतीत तिथेच संपतो. त्याच पाहण्यांत पॅनिक डिसऑर्डर म्हणण्याजोगा आजार झालेल्यांचं प्रमाण मात्र 2 टक्क्यांच्याही आत होतं. मधले बाकीचे लोक कुठे गेले? त्यांना अटॅक आला, ते घाबरले आणि पुढे चालू लागले. आजार जडतो तो अटॅक विसरता न आल्यामुळे. अटॅक पुन्हा पुन्हा आले आणि त्यांतल्या एका तरी अटॅकनंतर महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ पुढच्या अटॅकची धास्ती कायम राहिली, किंवा त्या धास्तीने माणसाने आपली वागण्याची रीतच बदलली, तर ती पॅनिक डिसऑर्डर. स्त्रियांमध्ये तिचं प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट आहे, आणि सुरुवात बहुतेकदा ऐन विशी-तिशीत होते. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण याच वर्षांत.

शरीर काय करत असतं?

हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 साली भीतीतल्या शारीरिक बदलांवर पुस्तक लिहिलं. जनावर संकटात सापडलं की त्याचं शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, हे त्यांचं निरीक्षण. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी रक्तात ॲड्रिनलिन सोडतात. हृदय जोरात पंप करू लागतं, कारण मांड्यांच्या आणि दंडांच्या स्नायूंना रक्त लागणार असतं. त्वचेकडचं रक्त आत ओढलं जातं, म्हणून हातपाय गार पडतात. अंग तापण्याआधीच गार ठेवायला घाम सुटतो. पचनाचं काम तात्पुरतं थांबतं, म्हणून पोटात गोळा येतो आणि घशाला कोरड पडते. बाहुल्या विस्फारतात, म्हणून उजेड डोळ्यांना खुपतो. वाघ समोर असेल तर यातली एकही गोष्ट फुकट नाही.

श्वासाची गोष्ट जरा नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण अटॅकमधली सर्वांत भयंकर वाटणारी लक्षणं तिथूनच येतात. पळायची तयारी म्हणून श्वास वाढतो. पण माणूस पळत नसतो, अंथरुणावर बसलेला असतो. स्नायूंनी काम केलं नाही की कार्बन डायऑक्साइड फारसा तयार होत नाही, आणि भराभर श्वासाने असलेलाही बाहेर फेकला जातो. रक्तातलं त्याचं प्रमाण घसरलं की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या किंचित आकसतात. त्यातून गरगरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आजूबाजूचं जग खोटं वाटतं. रक्ताची आम्लता कमी होते, त्यातल्या मोकळ्या कॅल्शियमवर परिणाम होतो आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात. कधी कधी बोटं वाकडी होऊन आखडतातही. ऑक्सिजन मात्र भरपूर असतो. हवा कमी पडतेय असं वाटत असताना प्रत्यक्षात श्वास गरजेपेक्षा जास्त चाललेला असतो. म्हणून 'जोरात श्वास घे, खोल श्वास घे' हा घरच्यांचा प्रेमाचा सल्ला नेमका उलटा पडतो.

अटॅक येणाऱ्या बहुतेकांना आपण चारचौघांत बेशुद्ध पडू अशी धास्ती असते. बेशुद्ध पडायला रक्तदाब एकदम खाली यावा लागतो. अटॅकमध्ये तो सहसा थोडा वाढलेला असतो. म्हणून पॅनिक अटॅकमध्ये माणूस कोसळणं विरळाच. रक्त किंवा सुई पाहून चक्कर येणाऱ्यांचं वेगळं, त्यांचा रक्तदाब खरोखरच घसरतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर मांजर उडी मारतं आणि अलार्म केकाटायला लागतो. अलार्म बिघडलेला नसतो, चोरही आलेला नसतो; फक्त तो फार हलक्या धक्क्याने वाजतो. पॅनिक अटॅकमध्ये शरीराची हीच गत असते. धोका सोडून बाकी सगळं खरं असतं. धडधड खरी, घाम खरा, भीती तर शंभर टक्के खरी. म्हणून 'काही झालेलं नाही तुला' हे वाक्य त्या माणसाला खोटं वाटतं, आणि ते अर्धं खोटं असतंही.

मांजर कोणतं?

हा आजार आजकालच्या धावपळीचा, असं आपण सहज म्हणतो. पण 1871 साली अमेरिकेतले डॉक्टर जेकब मेंडेस दा कोस्टा यांनी यादवी युद्धातल्या सैनिकांच्या अशाच तक्रारी नोंदवल्या होत्या: धडधड, छातीत दुखणं, दम लागणं, आणि हृदयात मात्र दोष सापडत नाही. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल यांनी मोकळे चौक ओलांडताना ज्यांचा जीव घाबरा होतो अशा रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. एकीकडे हृदयाचे डॉक्टर, दुसरीकडे मनाचे. दोघं एकाच आजाराच्या दोन कडा चाचपत होते.

विसाव्या शतकात प्रयोगशाळेत अटॅक घडवून आणता येतो असं दिसलं. 1967 साली अमेरिकेत पिट्स आणि मॅक्क्लूर या संशोधकांनी रुग्णांच्या शिरेतून सोडियम लॅक्टेट दिलं, तेव्हा बहुतेकांना अटॅक आला. निरोगी माणसांना क्वचितच. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असलेली हवा हुंगायला दिली तरी तेच होतं. यावरून डोनल्ड क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञांनी 1993 साली एक कल्पना मांडली: मेंदूत गुदमरण्याची सूचना देणारी एक यंत्रणा आहे आणि काहींमध्ये ती फार थोड्याने पेटते.

2013 साली या कल्पनेच्या आसपासचा एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध झाला. मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग भीतीचं केंद्र मानला जातो. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात तो दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या तीन स्त्रिया संशोधकांना माहीत होत्या. त्यांतली एक तर साप, कोळी, भयपट यांपैकी कशालाही न घाबरणारी म्हणून विज्ञानजगतात प्रसिद्ध होती. कार्बन डायऑक्साइडची हवा हुंगल्यावर तिघींनाही पॅनिक अटॅक आला. बाहेरच्या जगाची भीती आणि शरीराच्या आतून उठणारी भीती यांच्या वाटा वेगळ्या आहेत, हे त्यातून दिसलं. जो फौजदार गुंडाला भीत नाही, जी आई मुलासाठी विहिरीत उडी घेईल, त्यांनाही हा आजार होऊ शकतो. भित्रेपणाशी त्याचा काही संबंध नाही.

अलार्म इतका हळवा होण्याची कारणं अनेक. घराण्यात कोणाला असेल तर शक्यता वाढते. महिनोन् महिने अंगावर काढलेला ताण, झोपेची आबाळ, बाळंतपणानंतरचे महिने, चहा-कॉफीचा अतिरेक, दारू आणि दारू सोडतानाचे दिवस ही नेहमीची नावं. पुष्कळदा अटॅक येतो तो संकट निभावून गेल्यावर, निवांत क्षणी. काहींना तर तो गाढ झोपेतून उठवतो, आणि तेव्हा स्वप्नही पडलेलं नसतं. म्हणूनच 'कशाचं टेन्शन आलं तुला?' या प्रश्नाला त्या माणसाकडे उत्तर नसतं.

दोन वेगळ्या भीती

याच क्लाइन यांची एक जुनी हकीकत या आजाराच्या मुळाशी नेते. 1960 च्या आसपास ते न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात काम करत होते. वॉर्डात काही रुग्ण असे होते की दिवसातून अनेकदा परिचारिकांच्या टेबलाकडे धावत येत आणि आपण मरतोय असं सांगत. क्लाइन यांनी त्यांना इमिप्रामिन हे तेव्हा नवं असलेलं औषध दिलं. काही आठवडे गेले. रुग्ण म्हणाले, फरक नाही. डॉक्टरांनाही तसंच वाटलं. पण परिचारिकांच्या लक्षात वेगळीच गोष्ट आली: हे लोक आता टेबलाकडे धावत येत नाहीत. अटॅक थांबले होते. तरीही रुग्ण एकटे बाहेर पडायला तयार नव्हते, कारण अटॅक येईल ही धास्ती जशीच्या तशी होती.

म्हणजे भीती दोन होत्या. एक उसळून येणारी आणि ओसरणारी. दुसरी तिची वाट पाहत बसणारी. औषधाने पहिली गेली, दुसरीला ते कोणी सांगितलंच नव्हतं. क्लाइन आणि त्यांचे सहकारी मॅक्स फिंक यांनी 1962 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि 1980 साली पॅनिक डिसऑर्डर हा स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकी नियमावलीत आला.

ही दुसरी भीती कशी पोसली जाते, हे ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलं. जिना चढताना छातीत धडधडलं. इतर कोणी म्हणेल, दमलो. ज्याला एकदा अटॅक आलाय तो म्हणतो, हार्ट अटॅक. त्या विचाराने तो घाबरतो, घाबरल्याने धडधड वाढते, वाढलेली धडधड विचार खरा ठरवते. काही सेकंदांत हा फेरा पुरा होतो. पुढे पुढे माणूस जिन्याचीही वाट पाहत नाही. दिवसभर नाडी तपासतो, गळ्याजवळ बोट लावून ठोके मोजतो, बीपीचं मशीन आणतो. शरीरात सतत काही ना काही होतच असतं, आणि शोधणाऱ्याला ते सापडतंच.

घेर लहान होत जातो

हा आजार बाहेरून दिसत नाही. दिसतात त्या माणसाच्या सवयी. ठाण्याहून दादरला जाणारा माणूस फास्ट लोकल सोडून स्लो पकडू लागतो, कारण स्लो दर दोन-चार मिनिटांनी थांबते, उतरता येतं. मग दारातच उभा राहतो. मग गर्दीची वेळ टाळून पहाटेची गाडी. मग घरून काम. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची, लग्नात मांडवाच्या तोंडाशी बसणं, लिफ्टऐवजी पाच मजले. न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याभोवती कापड बांधलं की उठता येत नाही, म्हणून केस वाढलेले. घाटात गाडी वळवता येत नाही, म्हणून गावची जत्रा चुकते. खिशात पाण्याची बाटली आणि अल्प्राझोलाम या शांत करणाऱ्या गोळीची स्ट्रिप. ती घ्यायची नसते, फक्त असावी लागते. नवीन गावी जायचं तर आधी फोनवर जवळचं रुग्णालय शोधून ठेवायचं. व्यायाम बंद, कारण धावल्यावर तशीच धडधड होते.

यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी पाहिली तर शहाणपणाची वाटते. एकत्र पाहिली की कळतं, आयुष्य घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबलंय. टाळण्याने लगेच बरं वाटतं, यातच खरी मेख आहे. टाळलं, अटॅक आला नाही. मन शिकतं की टाळल्यामुळे वाचलो. लोकलमध्ये बसलो असतो तरी वाचलोच असतो, हे शिकायची संधीच मिळत नाही.

क्रिकेट पाहणाऱ्यांना मार्कस ट्रेस्कोथिक आठवत असेल. इंग्लंडचा डावखुरा सलामीवीर, 76 कसोटी, 2005 च्या ॲशेस विजयातला खेळाडू. फेब्रुवारी 2006 मध्ये भारताच्या दौऱ्यावर असताना बडोद्याच्या सराव सामन्यात तो ड्रेसिंग रूममध्ये कोसळून रडला आणि मायदेशी परतला. बाहेर आधी खासगी कारण सांगितलं गेलं, नंतर विषाणूसंसर्गाचंही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा दौराही अर्ध्यावर सोडावा लागला. मार्च 2008 मध्ये सॉमरसेट या आपल्या काउंटी संघाबरोबर दुबईला जायचं होतं, पण हीथ्रो विमानतळावरच्या एका दुकानाच्या कोपऱ्यात तो बसून राहिला. विमानात चढणं जमलं नाही. त्यानंतर त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं आणि त्याच वर्षी आत्मचरित्रात आपल्या चिंताविकाराबद्दल आणि नैराश्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं. जगातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजांसमोर उभा राहणारा माणूस घरापासून लांबच्या मुक्कामाने खचत होता. पण त्याची कहाणी तिथे संपत नाही. सॉमरसेटसाठी तो 2019 पर्यंत, वयाच्या 43 व्या वर्षापर्यंत खेळला आणि 2024 मध्ये इंग्लंडच्या मर्यादित षटकांच्या संघाचा हंगामी प्रशिक्षक झाला. आजाराचा विषय त्याने दडवला नाही, आणि आजाराने त्याचं आयुष्यही गिळलं नाही.

आधी तपासणी

पहिल्यांदाच असं झालं तर रुग्णालयात जायलाच हवं. 'पॅनिक असेल' हे निदान घरात बसून करायचं नसतं. चाळिशी ओलांडलेली, मधुमेह किंवा रक्तदाब असलेला, घराण्यात हृदयविकार असलेला माणूस, चालताना किंवा श्रम करताना दुखणारी छाती, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ, खरोखर शुद्ध हरपणं, यांपैकी काहीही असेल तर क्षणही घालवू नये. थायरॉइडचं वाढलेलं काम, पंडुरोग, हृदयाच्या ठोक्यांचा अनियमितपणा, साखर कमी होणं, दमा हे आजारही पॅनिकचं सोंग घेतात. त्यांच्या तपासण्या साध्या आहेत, त्या एकदा नीट व्हाव्यात.

एकदा. तपासण्या नॉर्मल आल्यावर पुन्हा पुन्हा ईसीजी, पुन्हा पुन्हा टूडी एको, दर महिन्याला नवा हृदयरोगतज्ज्ञ हा उपचार नव्हे. ते टाळण्याचंच दुसरं रूप आहे. नॉर्मल रिपोर्टने मिळणारा धीर दोन दिवस टिकतो. खरं तर त्या रात्री रुग्णालयातच डॉक्टरांनी 'सगळं नॉर्मल आहे' याच्या पुढे दोन वाक्यं सांगायला हवीत: तुम्हाला झालं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, त्यावर उपचार आहेत, या डॉक्टरांना भेटा. ती दोन वाक्यं न मिळाल्याने लोक वर्षानुवर्षं भटकतात. कोणी गॅसची औषधं घेतात, कोणी बाहेरची बाधा समजून अंगारेधुपारे करतात. देशातल्या 12 राज्यांत 2015-16 मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचं दिसलं.

बाहेर येण्याची वाट

ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर वीक्स या सिडनी विद्यापीठातून डॉक्टर ऑफ सायन्स झालेल्या पहिल्या स्त्री. तरुणपणी त्यांना चुकून क्षयरोगी ठरवून सॅनिटोरियममध्ये ठेवलं गेलं, आणि तिथून बाहेर आल्यावर छातीतल्या धडधडीने त्यांना ग्रासलं. पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राने त्यांना सांगितलं की खंदकांतल्या सैनिकांचंही असंच व्हायचं. हे हृदय भीतीने धडधडतंय आणि तू त्या धडधडीला घाबरतेस. वीक्स यांना तेवढं पुरलं. पुढे त्या वैद्यकीय डॉक्टर झाल्या आणि 1962 साली त्यांनी सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं असं: पहिली भीती आपोआप येते, तिच्यावर आपला ताबा नाही. 'अरे देवा, आता काय होणार' ही दुसरी भीती आपण तिच्यात घालतो. लक्षणांशी झुंजू नका, पळू नका. त्यांना येऊ द्या, अंग सैल सोडा आणि वेळ जाऊ द्या.

आजचे मानसोपचार हेच शिस्तीने करतात. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीत, म्हणजे सीबीटीत, साधारण दहा-बारा भेटींमध्ये माणूस आपला फेरा कागदावर मांडायला शिकतो: काय जाणवलं, त्याचा अर्थ काय लावला, पुढे काय झालं. मग येतो सर्वांत धाडसाचा भाग. थेरपिस्टच्या देखरेखीखाली लक्षणं मुद्दाम घडवून आणायची. फिरत्या खुर्चीत गोल फिरून चक्कर आणायची, बारीक स्ट्रॉमधून श्वास घेऊन गुदमरल्यासारखं करायचं, जागच्या जागी धावून छातीत धडधड करायची. आणि पळून न जाता ती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. धडधड झाली आणि मेलो नाही, हे शरीराला स्वतःच्या अनुभवाने कळावं लागतं. नुसत्या समजुतीने ते कळत नाही. हृदयविकार, दमा, फिट्स असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. त्यानंतर टाळलेल्या जागांची पाळी: आधी स्लो लोकलचं एक स्टेशन, मग दोन, मग फास्ट. प्रत्येक वेळी खिशातली गोळी थोडी आणखी लांब ठेवून. विचार तपासून पाहण्याची ही रीत मराठी वाचकाला अनोळखी नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली आहे.

औषधंही चांगलं काम करतात. एसएसआरआय गटातली एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटीन ही औषधं बहुधा पहिली निवड असतात. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिले काही दिवस बेचैनी उलट वाढू शकते, म्हणून सुरुवात कमी डोसने करतात. हे आधी सांगितलं नाही तर लोक चौथ्या दिवशी औषध टाकून देतात. बरं वाटल्यावरही साधारण वर्षभर ती चालू ठेवावी लागतात. त्यांची सवय लागत नाही, फक्त ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद करायची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची गोष्ट निराळी. ती अर्ध्या-पाऊण तासात शांत करतात, म्हणूनच धोकादायक आहेत. काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय होते, डोस वाढत जातो आणि एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. ती थोड्या काळासाठी आणि डॉक्टरांच्याच हातून घ्यावीत. मेडिकलवाल्याच्या किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने कधीच नाही. अमेरिकेत 312 रुग्णांवर झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सीबीटी आणि इमिप्रामिन या दोन्हींचा उपयोग दिसला. उपचार थांबवल्यानंतर मात्र सीबीटीचा गुण जास्त टिकला.

घरच्यांनी काय करावं?

समोर अटॅक आलेला माणूस असेल तर गर्दी हटवा. जवळ बसा, हळू आवाजात बोला: "मी इथेच आहे. घाई नाही. थोड्या वेळात उतरेल." प्रश्न विचारू नका, नाडी बघू नका. श्वासाबद्दल बोलायचंच तर एवढंच सांगा की सावकाश सोड, नाकाने घे. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याची जुनी पद्धत टाळा. आजार दुसराच निघाला तर ती घातक ठरते.

अटॅक नसताना जे बोलतो ते जास्त महत्त्वाचं. 'मनाचे खेळ आहेत', 'तुला काय कमी आहे', 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' ही वाक्यं त्या माणसाला आणखी एकटं पाडतात. पुढच्या वेळी तो सांगणार नाही इतकंच. आणि उलट टोकाचं प्रेमही अपाय करतं. सुनेला अटॅक येतात म्हणून बाजार सासूबाई करतात, मुलाला शाळेतून नवरा आणतो, माहेरी जायचं तर सोबत कोणीतरी हवंच. सगळे मायेनेच करतात, आणि तिचा घेर महिन्या-महिन्याने लहान होतो. मदत करायची ती टाळायला नव्हे, जायला. पहिल्या दिवशी बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत सोबत जा, दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेपर्यंत, पुढच्या आठवड्यात दारातूनच निरोप द्या. ती परत आल्यावर 'काही झालं तर नाही ना?' असं विचारू नका. भाजी काय आणली ते विचारा.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी स्वतः यातून जात असेल तर त्यांना एवढंच सांगायचं आहे: तुम्हाला जे होतं ते खरं आहे, त्याला नाव आहे, आणि मनावर घेतलं तर त्यातून बाहेर येता येतं. अटॅकने जीव जात नाही. टाळण्यात आयुष्य जातं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास सुरू आहे. तिचा नंबर 14416, आणि तिथे मराठीतून बोलता येतं. एकदा तपासणी करून घ्या, एका मानसोपचारतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला भेटा, आणि गेल्या वर्षभरात ज्या ज्या जागा टाळल्या त्यांची यादी करा. त्यातली सर्वांत सोपी जागा निवडा आणि या आठवड्यात तिथे जाऊन या.